जहाँआरा बेगम आणि आग्र्याची जामा मशीद

मोगलकालीन वास्तूंचा विचार करताना बादशहा हाच त्यांचा कर्ता असे आपण सहसा गृहीत धरतो. फतेहपूर सीक्री म्हटले की अकबर, ताजमहाल म्हटला की शहाजहान, ही नावे आपोआप जोडली जातात. आग्र्याच्या किल्ल्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभी असलेली जामा मशीद मात्र या समीकरणात बसत नाही. बादशहाच्या राजधानीतील ही मुख्य मशीद. परंतु तिचा खर्च शहाजहानच्या कन्येने, जहाँआरा बेगमने, स्वतःच्या उत्पन्नातून केला आणि मशिदीच्या दर्शनी भागावरील फारसी लेखात तिचे गुणगान कोरले गेले. जहाँआरा ही ग्रंथकर्तीही होती. तिचे ग्रंथ, तिने उभारलेल्या वास्तू आणि तिचे आयुष्य यांचे वाचन एकत्र केल्यास सतराव्या शतकातील एका स्त्रीला कर्तृत्वाची कोणती साधने उपलब्ध होती आणि त्या कर्तृत्वावर तिचा स्वतःचा अधिकार किती काळ टिकला, या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडतो. तोच या लेखाचा हेतू आहे.

१

जहाँआराचा जन्म १६१४ मध्ये अजमेर येथे झाला. जहांगीर बादशहाचा मुक्काम त्या वेळी अजमेरात होता आणि शहजादा खुर्रम, म्हणजे पुढील काळातील शहाजहान, मेवाडच्या मोहिमेत गुंतला होता. ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याच्या गावी झालेल्या या जन्माला तिने पुढे आयुष्यभर अर्थ दिला. तिच्या शिक्षणाची जबाबदारी सती-उन्-निसा खानम या विदुषीकडे होती. ही बाई जहांगीरचा राजकवी तालिब आमुली याची बहीण. फारसी काव्याची आणि कुराणपठणाची उत्तम जाण असलेल्या गुरुजनांच्या हाताखाली वाढल्यामुळे जहाँआराला लेखनाची भाषा लहानपणीच लाभली.

तिच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले ते तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात. दख्खनच्या मोहिमेच्या निमित्ताने शहाजहानचा तळ तेथे पडला असताना १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहलचे बाळंतपणात निधन झाले. जहाँआरा त्या वेळी सतरा वर्षांची होती. आईच्या पश्चात जनानखान्याचे प्रमुखपद तिच्याकडे आले. मुमताजच्या सुमारे एक कोटी रुपयांच्या मालमत्तेचा निम्मा भाग एकट्या जहाँआराला मिळाला, उरलेला निम्मा इतर भावंडांत वाटला गेला. तिची वार्षिक नेमणूक सहा लाखांवरून दहा लाखांवर गेली. शोकाकुल बादशहाची सोबत, धाकट्या भावंडांचे विवाह, दरबारातील मध्यस्थी हे सारे तिच्यावर येऊन पडले. बेगम साहिब या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

तिच्या संपत्तीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ती केवळ पित्याच्या कृपेवर जगणारी शहजादी नव्हती. जहागिरींचे महसूल, व्यापारातील नफा आणि पुढे सुरत बंदराचे उत्पन्न तिच्याकडे जमा होत असे. साहिबी नावाचे तिचे स्वतःचे जहाज समुद्रावर होते. मोगल घराण्यातील स्त्रिया विवाहानंतरही आपली मालमत्ता स्वतःच्या नावे राखीत. जहाँआरा तर अविवाहितच राहिली. वास्तू उभारण्यासाठी लागणारा पैसा तिला कोणाकडे मागावा लागणार नव्हता. मागावी लागणार होती ती फक्त अनुमती.

२

ती अनुमती तिने १६३७ मध्ये मागितली. किल्ल्यासमोर राजधानीला शोभेल अशी मोठी मशीद बांधावी असा शहाजहानचा विचार होता. ते काम आपल्या खर्चाने करण्याची परवानगी जहाँआराने मागितली आणि ती तिला मिळाली. स्त्रीने मशीद बांधण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे. लाहोर येथे जहांगीरच्या मातेच्या, मरियम-उझ्-झमानीच्या, नावाची मशीद १६१४ मध्ये पूर्ण झालेली होती. परंतु शुक्रवारी सगळ्या शहराने जमावे अशी मशीद बांधणे ही राजसत्तेची खूण मानली जाई. कारण शुक्रवारच्या खुत्ब्यात राज्यकर्त्याचे नाव घेतले जाते. पडद्याआडच्या शहजादीने हे काम अंगावर घ्यावे आणि बादशहाने ते तिच्या हवाली करावे, यातून तिचे दरबारातील स्थान जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पदवीने होत नाही.

काम चालू असताना त्याच शहरात यमुनेच्या काठी तिच्या आईची कबर, म्हणजे ताजमहाल, उभी राहत होती. मशीद हिजरी सन १०५८ मध्ये, म्हणजे इ. स. १६४८ मध्ये, पूर्ण झाली. तिला पाच लाख रुपये खर्च आला.

उंच चौथऱ्यावर ही इमारत उभी आहे. पायऱ्या चढून आत गेले की विस्तीर्ण प्रांगण लागते. त्याच्या मध्यभागी वजूसाठी हौद आहे आणि बाजूंना कमानींची दालने आहेत. पश्चिमेला मुख्य प्रार्थनागृह. त्याच्या दर्शनी भागाच्या मध्यावर उंच कमानीचे भव्य द्वार, दोन्ही अंगांस लहान कमानींची रांग आणि वरच्या कडेवर लहान लहान छत्र्यांची ओळ अशी रचना आहे. सर्व बांधकाम तांबड्या वालुकाश्माचे असून त्यात पांढऱ्या संगमरवराचा वापर बेताने, रेषा उठावदार करण्यापुरता केला आहे. माथ्यावर तीन घुमट आहेत. त्यांवर तांबड्या आणि पांढऱ्या दगडाचे पट्टे नागमोडी वळणाने फिरतात. घुमटाच्या शिखरावर उलटे कमळ आणि त्यावर कळस आहे. उलटे कमळ आणि कळस ही भारतीय देवालयशिल्पाच्या परिचयाची रूपे मोगल गवंड्यांनी आणि पाथरवटांनी घुमटाशी इतकी एकजीव केली की ती उसनी वाटत नाहीत.

या मशिदीला उंच मिनार नाहीत. तिच्यानंतर शहाजहानने दिल्लीत १६५० ते १६५६ या काळात बांधलेल्या जामा मशिदीशी तुलना केली म्हणजे हा फरक चटकन जाणवतो. दिल्लीची मशीद टेकडीवर आहे, तिचे दोन मिनार दुरून दिसतात, तिच्या घुमटांवर काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा आहेत. आकाराने आणि दिमाखाने ती श्रेष्ठ आहे. परंतु चौथरा, प्रांगण, मधली उंच कमान, तीन घुमट, तांबड्या-पांढऱ्याचा मेळ या सर्व गोष्टी आग्र्यात आधीच सिद्ध झालेल्या होत्या. दिल्लीची मशीद पाहणाऱ्याला तिची पूर्वतयारी आग्र्यात दिसते. आणि ती पूर्वतयारी कन्येच्या नावावर आहे.

साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र मधल्या कमानीभोवतीच्या लेखाकडे जावे. पांढऱ्या संगमरवरात काळा दगड बसवून ही अक्षरे घडविली आहेत. या जागी सामान्यतः कुराणातील वचने असतात. येथे फारसी गद्य आहे आणि त्यात शहाजहानची व जहाँआराची स्तुती आहे. दिल्लीच्या जामा मशिदीच्या कमानींवरही पुढे फारसी लेख आले. पण त्यांत केंद्रस्थानी बादशहा आहे. आग्र्यात ते स्थान एका स्त्रीने पित्याबरोबर वाटून घेतले आहे. ज्या समाजात राजस्त्रीचा चेहरा परपुरुषाच्या दृष्टीस पडणे अशक्य होते, त्या समाजात तिचे नाव शहरातील प्रत्येक नमाजीच्या डोळ्यांसमोर, किबल्याच्या दिशेला, दर शुक्रवारी येत होते. ही घटना आपण वास्तुशास्त्राच्या ग्रंथातील तळटीप म्हणून सोडून देता कामा नये.

३

मशिदीचे काम चालू असतानाच जहाँआरा लेखणीही चालवीत होती. मूनिस-उल्-अर्वाह हा तिचा ग्रंथ १६४० च्या सुमारास पूर्ण झाला. ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती आणि त्यांच्या परंपरेतील सत्पुरुष यांची ती चरित्रे आहेत. आधीच्या फारसी ग्रंथांतून सामग्री निवडून, तिची छाननी करून ती नव्याने मांडण्याची तिची पद्धत पाहिली म्हणजे महिपतीच्या संतचरित्रांची आठवण मराठी वाचकाला होणे स्वाभाविक आहे. अर्थात महिपतीचा भक्तविजय १७६२ चा, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षांनंतरचा, आणि ओवीबद्ध. दोन्हीकडे चरित्रकार स्वतःला संतांचा सेवक म्हणवतो आणि त्या विनयाच्या आडून निवडीचा व मांडणीचा पूर्ण अधिकार गाजवतो.

तिचा दुसरा ग्रंथ, रिसाला-इ-साहिबिया, याहून अधिक वैयक्तिक आहे. काश्मीरमध्ये राहणारे कादिरी पंथाचे सूफी मुल्ला शाह बदख्शी हे तिचे गुरू. लाहोरच्या मियाँ मीर यांचे ते शिष्य. भाऊ दारा शुकोह याच्या मध्यस्थीने तिला त्यांची दीक्षा मिळाली. मुल्ला शाह यांचे चरित्र सांगता सांगता तिने आपल्या शोधाची आणि दीक्षेची हकीकत या छोट्या ग्रंथात सांगितली आहे. मन चिश्ती परंपरेकडे ओढलेले आणि दीक्षा कादिरी गुरूची, हा ताण तिने लपविलेला नाही.

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. संत बहिणाबाई (१६२८–१७००) ही जहाँआराची समकालीन. एक राजवाड्यातील, दुसरी अठराविश्वे दारिद्र्य पाहिलेली. एकीची भाषा दरबारी फारसी, दुसरीची अभंगाची मराठी. दोघींचा परस्परांशी संबंध येण्याचे कारण नव्हते. तरीही दोघींच्या आत्मकथनाचा गाभा सारखा आहे. बहिणाबाईला तुकोबांचा उपदेश स्वप्नात मिळाला, जहाँआराला मुल्ला शाह यांचा अनुग्रह पडद्याआड आणि भावाच्या हस्ते मिळाला. गुरूच्या प्रत्यक्ष सान्निध्यात बसण्याची वाट दोघींनाही सरळ मोकळी नव्हती, आणि म्हणूनच गुरुप्राप्तीची कथा दोघींनीही स्वतः लिहिणे आवश्यक झाले. पुरुष शिष्याच्या अधिकाराला साक्षीदार असतात. या दोघींना आपली साक्ष आपणच द्यावी लागली. सतराव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या आत्मचरित्राचा उगम शोधताना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

मुल्ला शाह यांच्यासाठी श्रीनगरात हरी पर्वताच्या उतारावर १६५० च्या सुमारास जी मशीद उभी राहिली तिच्याशीही जहाँआराचे नाव निगडित आहे. ती करड्या दगडाची, आटोपशीर, डोंगराच्या रंगात मिसळून जाणारी आहे. आग्र्याची मशीद राजकन्येची, तर श्रीनगरची शिष्येची असे वर्णन करण्याचा मोह होतो. परंतु हा भेद फार ताणू नये. आग्र्याच्या मशिदीवर पैसा खर्च करणारी आणि सूफींच्या पायाशी स्वतःला फकीर म्हणविणारी स्त्री एकच होती, आणि तिच्या दृष्टीने या दोहोंत विसंगती नव्हती. दान करण्यासाठी आधी धन असावे लागते, हे ती जाणून होती.

४

१६४४ मध्ये दिव्याची ज्योत लागून तिच्या तलम वस्त्रांनी पेट घेतला आणि ती गंभीररीत्या भाजली. तिला वाचविताना दासी दगावल्या. तिची प्रकृती सुधारण्यास कित्येक महिने लागले. शहाजहान स्वतः तिच्या शुश्रूषेत होता. ती बरी झाल्यावर मोठा उत्सव झाला आणि सुरत बंदराचे उत्पन्न तिला मिळाले. एका इंग्रज वैद्याने तिला बरे केले व त्याबद्दल कंपनीला व्यापारी सवलती मिळाल्या ही गोष्ट पुढे प्रचलित झाली. कालक्रमाशी ती जुळत नसल्यामुळे इतिहासकारांनी ती त्याज्य ठरविली आहे. पितापुत्रीच्या जवळिकीविषयी बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदविलेली कुजबूज मनुचीने खोडून काढली आहे. कर्तबगार स्त्रीचे यश तिच्या कर्तबगारीने न सांगता अशा कथांनी सांगण्याची सवय फार जुनी आहे.

मशीद पूर्ण झाली त्याच १६४८ साली शहाजहानने आपली राजधानी नव्याने वसविलेल्या शहाजहानाबादेत, म्हणजे दिल्लीत, हलविली. राजधानीसाठी बांधलेली मशीद पूर्ण होताच राजधानी निघून गेली. जहाँआराने याचा विषाद न मानता नव्या शहरातही बांधकाम आरंभिले. चांदणी चौकाचा बाजार, त्यातील अष्टकोनी चौक व जलाशय, उद्यान आणि प्रवाशांसाठी प्रशस्त सराई ही तिची दिल्लीतील निर्मिती. पैकी सराई १८५७ नंतर पाडण्यात आली आणि तिच्या जागी टाऊन हॉल उभा राहिला.

१६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि भावाभावांत युद्ध पेटले. जहाँआरा दाराच्या बाजूची होती. तरीही सामूगढच्या लढाईनंतर १६५८ मध्ये साम्राज्याची वाटणी करून तंटा मिटविण्याचा प्रस्ताव घेऊन ती स्वतः औरंगजेबाकडे गेली. औरंगजेबाने तो मानला नाही. दाराचा पुढील वर्षी वध झाला. शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवासात राहिला आणि जहाँआराने त्याच्याबरोबर राहणे पत्करले. किल्ल्याच्या ज्या बुरुजातून तो वृद्ध कैदी ताजमहालाकडे पाही, तो यमुनेच्या बाजूस आहे. मशीद किल्ल्याच्या विरुद्ध अंगास, दिल्ली दरवाजाबाहेर. आठ वर्षे मशिदीची निर्माती तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

१६६६ च्या प्रारंभी शहाजहानचा अंत झाला. औरंगजेबाने बहिणीला सन्मानाने परत बोलाविले, तिची नेमणूक वाढविली, तिला पादशाह बेगम ही पदवी दिली. त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्यास आले. १६६४ मध्ये त्यांनी लुटलेल्या सुरतेच्या उत्पन्नाशी जहाँआराचा हितसंबंध होता. महाराजांविरुद्ध बादशहाचे कान भरणाऱ्यांत समकालीन राजस्थानी पत्रांच्या आधारे इतिहासकार तिचेही नाव घेतात. मराठी वाचकाला ही जहाँआरा अप्रिय वाटेल, पण तीही खरीच आहे. सूफींची शिष्या बंदराची मालकीणही होती. पुढे १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लागू केला तेव्हा त्याला विरोध करण्यास ती कचरली नाही, असे मनुचीच्या वृत्तान्तावरून दिसते. जिझियाविरुद्धचे जे पत्र शिवाजी महाराजांच्या नावे प्रसिद्ध आहे त्याच्या शेजारी ही नोंद ठेवली म्हणजे इतिहासातील बाजू किती गुंतागुंतीच्या असतात हे कळते.

दाराची अनाथ कन्या जानी बेगम हिला जहाँआराने मुलीप्रमाणे वाढविले आणि १६६९ मध्ये तिचा विवाह औरंगजेबाचा पुत्र आझम याच्याशी लावून दिला. मारणाऱ्याच्या आणि मारल्या गेलेल्याच्या घरांना जोडण्याचे हे काम तिच्यावाचून दुसऱ्या कोणास साधले नसते.

जहाँआरा १६८१ च्या सप्टेंबरात दिल्लीत वारली. बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास गेला होता आणि त्याच्या पाठलागावर निघालेला औरंगजेब अजमेरहून दख्खनच्या वाटेवर होता. बहिणीच्या मृत्यूचे वृत्त त्याला वाटेत मिळाले. त्याने तीन दिवस दुखवटा पाळला आणि तिला साहिबत-उझ्-झमानी ही मरणोत्तर पदवी दिली. दख्खनकडे निघालेला हा भाऊ पुन्हा दिल्लीला आला नाही.

५

निर्मात्याच्या हातून सुटलेली वास्तू स्वतःचे आयुष्य जगते. मथुरेचे केशवदेव मंदिर १६७० मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने पाडल्यावर तेथील मूर्ती आग्र्यास आणून बेगम साहिबच्या मशिदीच्या पायऱ्यांखाली पुरल्या, असे मआसिर-इ-आलमगिरी या फारसी ग्रंथात नमूद आहे. त्या वेळी जहाँआरा हयात होती. या नोंदीवरून आपल्या काळात न्यायालयीन वाद उभे राहिले आहेत. मशीद बांधणारीचा हेतू एक, तिच्या पायऱ्यांचा उपयोग करणाऱ्याचा दुसरा. दोन्ही गोष्टी इतिहासात घडलेल्या आहेत, आणि एकीच्या जोरावर दुसरी पुसण्याचा प्रयत्न अभ्यासकाने करू नये.

त्यानंतरचा आघात इंग्रजांचा. १८५७ च्या उठावात किल्ल्याच्या इतक्या जवळची उंच इमारत धोक्याची वाटल्यावरून मशिदीचा पूर्वेकडील भव्य दरवाजा पाडण्यात आला. मशीद आणि किल्ल्याचा दिल्ली दरवाजा यांच्यामध्ये त्रिपोलिया नावाचा अष्टकोनी चौक होता. रेल्वेच्या बांधकामात तोही नाहीसा झाला आणि तेथे आग्रा फोर्ट स्थानक आले. दरबार आणि प्रार्थनास्थान यांना जोडणारी जागा गेली. आता त्या दोहोंमधून रूळ जातात. जहाँआराने दिल्लीच्या चांदणी चौकात पुन्हा अष्टकोनी चौकाचीच योजना केली होती. आग्र्यातला चौक रेल्वेने गिळला, दिल्लीतला काळाच्या ओघात बुजला. शहरातील माणसांना एकत्र जमण्यासाठी मोकळी जागा असावी हा तिच्या बांधणीतील विचार होता, आणि नेमका तोच भाग आपल्या हातून निसटला आहे.

तिची कबर दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तिच्यावर घुमट नाही. संगमरवराच्या जाळीदार भिंतींच्या आत उघड्या आकाशाखाली एक साधे थडगे, त्याच्या माथ्यावर माती भरलेला पोकळ भाग आणि त्यात उगवणारे हिरवे गवत, एवढेच तिचे छत्र. शिलालेखात तिने स्वतःला चिश्ती सत्पुरुषांची शिष्या व फकीर म्हटले आहे आणि आपल्या कबरीवर हिरवळीवाचून दुसरे आच्छादन नसावे अशी इच्छा नमूद केली आहे.

आग्र्याचा लेख आणि दिल्लीचा लेख या दोहोंच्या मध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात राजकन्येची स्तुती दरबारच्या भाषेत आहे, दुसऱ्यात स्वतःची ओळख स्वतःच्या शब्दांत आहे. पहिल्यावरून तिचे सामर्थ्य कळते, तर त्या सामर्थ्याचा हिशेब तिने कसा मांडला हे दुसऱ्यावरून कळते. फारसी वाङ्मयाच्या इतिहासात तिच्या ग्रंथांना बहुधा एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते आणि स्थापत्याच्या इतिहासात तिच्या मशिदीला शहाजहानच्या प्रकरणात. एकाच व्यक्तीची ही दोन पाने वेगवेगळ्या ग्रंथालयांत ठेवल्यामुळे ती पूर्णत्वाने कोणालाच दिसत नाही. भारतीय साहित्यांचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी ती पाने एकत्र आणली पाहिजेत. कारण जहाँआराने लिहिले ते कागदावर आणि दगडावर दोन्हीकडे, आणि ती दोन्हीकडे वाचल्यावाचून तिचे चरित्र पुरे होत नाही.